सुमंत मुळगावकर आणि पिंपरीचे माळरान

सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबरच्या इमारतीत एक सभागृह आहे. गेल्या वर्षी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी आम्हा दहा-बारा जणांना तेथे एका व्याख्यानाला नेले होते. सभागृहावर सुमंत मुळगावकर असे नाव होते. व्याख्यानाला अवकाश होता, म्हणून मी शेजारच्या मैत्रिणीला विचारले, की हे कोण? तिला ठाऊक नव्हते. एकाने जुने नाटककार असावेत असे सांगितले, दुसऱ्याने गायक. शेवटी विषय तेथेच राहिला.

रात्री घरी गेल्यावर जेवताना सहज ही गोष्ट निघाली. माझे वडील सातवीपर्यंत शिकलेले. गेली कित्येक वर्षे ते टाटा ४०७ चालवतात आणि ओतूरचा कांदा मार्केट यार्डात आणून टाकतात. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितले, की सुमो गाडीतले 'सु' आणि 'मो' त्याच माणसाचे. टेल्कोचे मोठे साहेब होते ते. आम्ही बारा कॉलेजकुमार आणि कुमारी ज्याला नाटककार ठरवून मोकळे झालो होतो, तो माणूस एका ड्रायव्हरला नेमका ठाऊक होता! मला थोडी लाज वाटली, हे कबूल करते. त्या लाजेतूनच हा लेख जन्मला आहे.

दुसरेही एक कारण आहे. २००८ सालच्या २ जूनला टाटा मोटर्सने इंग्लंडमधील जॅग्वार आणि लँड रोव्हर ही मोटारींची दोन नामांकित घराणी विकत घेतली. जॅग्वारचे मूळ १९२२ सालचे. विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली या दोन तरुणांनी ब्लॅकपूल गावी मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवायला प्रारंभ केला, त्यातून पुढे ही श्रीमंती मोटार निघाली. लँड रोव्हर १९४८ ची, दुसऱ्या महायुद्धातील जीपवरून सुचलेली, चिखलातून आणि नांगरटीतूनही जाणारी. ज्या देशाने आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले, त्याच्या मानाच्या या गाड्या मुंबईत कचेरी आणि पुण्यात कारखाना असलेल्या एका कंपनीच्या मालकीच्या झाल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांतून याचे श्रेय रतन टाटांना देण्यात आले आणि ते योग्यच होते. पण मला प्रश्न पडला तो वेगळा. पैसा असला म्हणजे कोणालाही दुकान विकत घेता येते. पण दुसऱ्याची बंद पडू लागलेली गाडी पुन्हा चालू करण्याची हिंमत कोठून येते? या प्रश्नाचा माग काढीत मागे मागे गेले, की आपण पिंपरीच्या माळावर आणि मुळगावकरांपाशी येऊन पोचतो. जॅग्वार टाटांकडे आली तेव्हा त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती.

सुमंत मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात घेतले. त्या काळी इंग्लंडहून परतलेल्या तरुणाला सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा असे. मुळगावकर मात्र सिमेंटच्या धंद्यात शिरले. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. स्थापन झाली, तिच्यात त्यांची उमेद गेली. सिमेंटचा कारखाना म्हणजे धुरळा, भट्टी आणि अवजड यंत्रे. ही यंत्रे सगळी परदेशांतून यायची. युद्ध सुरू झाले आणि जहाजे येईनाशी झाली, तेव्हा एकेका सुट्या भागासाठी वाट पाहत बसण्याची पाळी आली. ही यंत्रे आपल्याकडे बनणार नाहीत असे बहुतेकांचे मत होते. मुळगावकरांनी ती येथे बनवून दाखविली. त्यांच्या पुढील सगळ्या आयुष्याचे बीज मला येथेच दिसते. वस्तू बनविण्याआधी ती वस्तू बनविणारे यंत्र आपल्याला बनविता आले पाहिजे, हा धडा त्यांनी सिमेंटच्या धुरळ्यात गिरविला.

१९४९ मध्ये ते टेल्कोत आले. टेल्कोचा जमशेदपूरचा कारखाना हीदेखील एक पुन्हा उभी केलेली वास्तूच होती. १९२१ मध्ये तेथे आगगाडीची इंजिने बनविण्यासाठी पेनिन्शुलर लोकोमोटिव्ह नावाची कंपनी निघाली होती. सरकारकडून मागणीच न आल्याने ती बसली आणि जागा रेल्वेकडे गेली. १९४५ मध्ये टाटांनी ती घेतली आणि त्याच जागेत वाफेची इंजिने बनू लागली. पण मुळगावकरांनी ओळखले असावे, की वाफेचे दिवस भरत आले आहेत आणि पुढचा जमाना रस्त्यांचा आहे. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि करारानंतर सहा महिन्यांच्या आत पहिली मालमोटार बाहेर पडली. तिच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. जुन्या चित्रपटांतून घाटात धापा टाकीत चढणारे ट्रक दिसतात, त्यांवर तो तारा पाहावा.

परक्याच्या नावावर धंदा करणे सोपे असते. तारा पाहून गिऱ्हाईक येते, नकाशे जर्मनीहून येतात, अडले तर जर्मन इंजिनिअर येतो. आपल्या देशातल्या कितीतरी कंपन्यांनी असे करार केले आणि मुदत संपली की पुन्हा नवा करार केला, म्हणजे जन्मभर विद्यार्थीच राहिल्या. मुळगावकरांनी हे पंधरा वर्षांचे विद्यार्थीपण मोजून वापरले. दरवर्षी एकेक भाग येथे बनू लागला, १९५९ मध्ये जमशेदपूरला संशोधनाचा विभाग निघाला, १९६१ मध्ये पहिली मालमोटार श्रीलंकेला, तेव्हाच्या सिलोनला, रवाना झाली. १९६९ मध्ये करार संपला. तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. पण तारा उतरल्यावर गाडी खपेल काय, ही धाकधूक त्या वर्षी कंपनीत कोणाला वाटली नसेल असे मला वाटत नाही. गाडी खपली.

आता पिंपरीकडे वळू. १९६६ मध्ये टेल्कोने पुण्याजवळ दुसरा कारखाना काढायचे ठरविले. पिंपरीला सुमारे ८०० एकर आणि चिंचवडला सुमारे १३० एकर जागा घेण्यात आली. पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना १९५४ मध्येच आला होता; पण आजूबाजूला खडकाळ माळ, कुसळी गवत आणि तुरळक बाभळी. नगरपालिकासुद्धा १९७० मध्ये झाली. अशा जागी दुसरा कोणी असता तर त्याने आधी छपरे घातली असती आणि ट्रक काढले असते. मुळगावकरांनी तीन गोष्टी आधी केल्या, आणि तिन्ही लोकांना विचित्र वाटाव्यात अशा होत्या.

त्यांनी झाडे लावली. उघड्या माळावर शेकड्यांनी, पुढे हजारांनी रोपे लागली आणि पाण्यासाठी तळे करण्यात आले. हळूहळू त्या तळ्यावर पाहुणे पक्षी उतरू लागले. मोटारीच्या कारखान्यात पक्षी! पण मुळगावकरांना कारखाना म्हणजे केवळ शेड वाटत नसे. माणूस आठ तास जेथे काढतो ती जागा नेटकी, हिरवी आणि स्वच्छ नसेल, तर त्याच्या हातून नेटके काम कसे होईल, असा त्यांचा हिशेब होता.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षण केंद्र. ट्रक बनण्याच्या कित्येक वर्षे आधी तेथे मुले शिकू लागली. आसपासच्या खेड्यांतली, शेतकऱ्यांची, दहावी-अकरावी झालेली ही मुले. कानस कशी धरावी, हजारातला एक भाग इंच कसा मोजावा, यंत्र बंद करून जाण्याआधी ते कसे पुसावे, इथपासून त्यांची शाळा. आमच्या आळीतील एक आजोबा त्यांपैकीच. वयाच्या सत्तरीतही ते सायकलचा नट आवळताना खाली फडके अंथरतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि बाहेरच्यांना सर्वांत कमी दिसणारी. त्यांनी ट्रकच्या आधी ट्रक बनविणारी यंत्रे बनवायला घेतली. मोटारीचा दरवाजा किंवा बॉनेट पत्र्यातून दाबून काढायचे तर पोलादाचा मोठा साचा लागतो, त्याला डाय म्हणतात. गाडीचे रूप बदलायचे तर डाय बदलावी लागते. ती परदेशातून आणायची तर वर्ष-दोन वर्षे आणि परकीय चलन लागते, शिवाय परवाना. म्हणजे ज्याच्या हाती डाय, त्याच्या हाती गाडीचे रूप. पुण्याच्या कारखान्यात मशीन टूल आणि डाय बनविण्याचे विभाग आधी उभे राहिले, यामागे हे साधे गणित होते.

या सगळ्याला वेळ किती लागला? पुण्यात पूर्ण बनलेली पहिली मालमोटार १९७७ मध्ये बाहेर पडली. म्हणजे अकरा वर्षे! मी हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मला तो दोषच वाटला. त्या काळी ट्रकसाठी गिऱ्हाइकांच्या रांगा लागत आणि वाहतूकदार नोंदणी करून वाट पाहत बसत. अशा वेळी अकरा वर्षे झाडे, शाळा आणि साचे करीत बसणे परवडते कोणाला? याचे एक रोखठोक उत्तर असे, की ज्या बाजारात स्पर्धा नव्हती आणि परवान्याच्या भिंती होत्या, त्या बाजारातच असा सावकाशपणा परवडतो. मुळगावकरांचे गुणगान करणारे हा मुद्दा सहसा टाळतात. त्यांचा काटेकोरपणा थोर होता हे खरे; पण त्या काटेकोरपणाची किंमत काही अंशी रांगेत उभ्या असलेल्या ट्रकमालकांनीही दिली. तरीही ती अकरा वर्षे वाया गेली असे म्हणवत नाही, ते पुढे घडलेल्या गोष्टीमुळे.

त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, विशेषतः माझ्या मैत्रिणींना. १९७४ च्या सुमारास टेल्कोने तरुण इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली आणि स्त्रियांनी अर्ज करू नये असे तीत छापले. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने चिडून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. तिला पुण्याला मुलाखतीस बोलाविण्यात आले आणि ती टेल्कोच्या कारखान्यात काम करणारी पहिली स्त्री इंजिनिअर ठरली. त्याच पुढे लेखिका सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या. मुंबईच्या कचेरीत त्यांची जे. आर. डीं.शी ओळख मुळगावकरांनीच कौतुकाने करून दिली. ती जाहिरात मुळगावकरांच्याच कंपनीची होती, हेही विसरू नये. त्यांच्या पत्नी लीलाताई मुळगावकर यांनी आपल्या देशात ऐच्छिक रक्तदानाची चळवळ रुजविली आणि त्यासाठी १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याच्या घरात असे कर्तृत्व नांदत होते, त्याच्या कारखान्याचे दार मात्र एका पोस्टकार्डाने उघडावे लागले.

मुळगावकरांविषयी ड्रायव्हर लोकांत एक आख्यायिका आहे. सांगणाऱ्यागणिक ती थोडी बदलते. दुपारी सगळे अधिकारी एकत्र जेवत, तेव्हा हे साहेब गाडी घेऊन एकटेच कोठेतरी जात. मोठ्या हॉटेलात कोणी व्यापारी त्यांना जेवू घालीत असेल, अशी कुजबुज झाली. एकदा काहींनी पाठलाग केला, तर साहेब हमरस्त्यावरच्या ढाब्यावर ट्रक-ड्रायव्हरांच्या पंक्तीला बसलेले. गाडीत काय चांगले, काय वाईट, हे ते जेवता जेवता विचारीत. माझ्या वडिलांना ही गोष्ट फार आवडते. मला तिच्यातील ढाब्यापेक्षा एक दुसरा भाग खरा वाटतो. ज्या गाडीचा नकाशा परक्याचा असतो, तिच्याबद्दल ड्रायव्हरचे गाऱ्हाणे ऐकून उपयोग नसतो, कारण ते दुरुस्त करणे आपल्या हाती नसते. गाऱ्हाणे विचारायला जाणारा मालक म्हणजे ज्याच्या हाती डाय आहे असा मालक.

पुढे घडलेली गोष्ट अशी. ऐंशीच्या दशकात सरकारने हलक्या मालमोटारींसाठी चार जपानी सहकार्यांना परवानगी दिली. टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी अशी चार बडी नावे डी. सी. एम., ऑल्विन, स्वराज आणि आयशर यांच्या जोडीने बाजारात उतरली. गाड्या देखण्या, चपळ आणि नव्या तंत्राच्या. टेल्कोचे जड ट्रक पाहून पुष्कळांना वाटले, की आता या कंपनीनेही जपानी पाहुणा शोधावा. मुळगावकर तेव्हा ऐंशीच्या घरात होते. टेल्कोने पाहुणा शोधला नाही. पुण्याच्या इंजिनिअरांनी स्वतःच एक हलकी मालमोटार आखली आणि १९८६ मध्ये टाटा ४०७ रस्त्यावर आली. अकरा वर्षे तयार केलेले साचेवाले, हत्यारवाले आणि शिकाऊ मुलांतून झालेले कारागीर येथे कामास आले. तिकडे जपानी येनचा भाव चढत गेला, सुटे भाग महागले आणि पाहुण्यांच्या गाड्यांची किंमत वाढू लागली. पुढे ऑल्विन-निसान महिंद्रांकडे गेली, डी. सी. एम.-टोयोटाच्या जागी देवू आली आणि ४०७ मात्र राहिली. आमच्या दारात उभी असते ती हीच.

१९८८ मध्ये टेल्कोचे अध्यक्षपद रतन टाटांकडे गेले आणि १ जुलै १९८९ रोजी मुळगावकर निवर्तले. १९९० मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. १९९४ मध्ये सुमो आली. इंग्रजीत लिहिलेल्या त्यांच्या नावाची आणि आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरे तिने घेतली. जमशेदपूरला त्यांच्या नावाचे क्रीडांगण आहे, पुण्यात ते सभागृह.

यानंतरची हकीकत त्यांच्या चरित्रात बसत नाही, पण ती सांगितल्याशिवाय माझा मूळ प्रश्न सुटत नाही. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोटारी पिंपरीला टेल्कोच्याच आवारात जुळवल्या जाऊ लागल्या. जुना गुरू शिष्याच्या अंगणात बिऱ्हाडाला आला म्हणा. १९९८ मध्ये पुण्यात इंडिका जन्मली. २००३ मध्ये हीच इंडिका सिटीरोव्हर असे नाव लावून इंग्लंडमध्ये विकायला गेली, कारण एम. जी. रोव्हर या मोडकळीस आलेल्या ब्रिटिश कंपनीला स्वस्त छोटी गाडी हवी होती. हा प्रयोग सपशेल फसला. तिकडे किंमत जास्त लावली गेली, टीकाकारांनी गाडीला नावे ठेवली आणि एप्रिल २००५ मध्ये एम. जी. रोव्हर स्वतःच बुडाली. लाँगब्रिजच्या सुमारे ६,००० कामगारांची कामे गेली. एम. जी. हे नाव पुढे चिनी मालकीत गेले आणि तेथे पुन्हा जिवंत झाले. पिंपरीची गाडी आणि ब्रिटिश नाव यांची पहिली भेट अशी अपेशी ठरली. नुसते नाव चिकटवून जुनी पुण्याई परत येत नाही, हे मात्र तिच्यातून स्वस्तात शिकता आले.

जॅग्वार आणि लँड रोव्हर घेताना तसे केले नाही. फोर्ड कंपनीने जॅग्वारसाठी सुमारे २५० कोटी आणि लँड रोव्हरसाठी सुमारे २७० कोटी डॉलर मोजले होते. टाटांनी दोन्ही मिळून २३० कोटींना घेतल्या. स्वस्त पडल्या म्हणावे, तर तीनच महिन्यांत अमेरिकेतील बँका कोसळल्या, गिऱ्हाईक नाहीसे झाले आणि २००८-०९ मध्ये टाटा मोटर्सला एकूण सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा तोटा झाला. हा पांढरा हत्ती पुण्याच्या कंपनीलाही खाली बसविणार, असे भाकीत पुष्कळांनी केले. टाटांनी इंग्लंडमधील आखणी करणारी माणसे तेथेच ठेवली आणि पैसा नव्या गाड्यांच्या आखणीत घातला. २०११ मध्ये ईव्होक आली व तिने हात दिला. त्याच वर्षी लँड रोव्हरची फ्रीलँडर पुण्यात जुळवली जाऊ लागली. २०१४ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला नवा इंजिन-कारखाना उघडला. तोवर या कंपनीची बरीचशी इंजिने फोर्डच्या घरची असत. इंजिन आपले हवे, हा हट्ट मला ओळखीचा वाटतो.

जॅग्वारचे दुखणे पुरते बरे झाले असे मात्र नाही. लँड रोव्हर सावरली तशी ती सावरली नाही. २०२१ मध्ये ती केवळ विजेच्या मोटारींकडे वळविण्याचे जाहीर झाले आणि २०२४ मध्ये तिची बहुतेक जुनी मॉडेले थांबली. म्हणजे पुन्हा एकदा आधी साचा, मग गाडी. मधली वर्षे रिकामी. मुळगावकरांची अकरा वर्षे परवान्याच्या भिंतीआड निभली. आज भिंत नाही आणि गिऱ्हाईक थांबत नाही.

कंपनीचे नाव २००३ मध्येच टाटा मोटर्स झाले. पण भोसरीकडून जाणाऱ्या त्या रस्त्याला अजून सगळे टेल्को रोडच म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर एक खेप केली. पहाटे चाकण, मोशी करीत आम्ही तेथवर आलो. भिंतीपलीकडे झाडांची रांग काळसर दिसत होती आणि पहिल्या पाळीची माणसे फाटकापाशी उतरत होती. वडिलांनी गाडी जरा हळू केली. पोत्यांच्या ओझ्याखाली मागचे पाटे करकरले. मी विचारले, गाडीत काही बिघाड आहे का? त्यांनी सांगितले, की नाही, पाट्याचा हा आवाज पहिल्यापासूनच आहे. साहेब असते तर त्यांच्या कानावर घातला असता.

(द्वितीय वर्ष, कला)